अंग आंबले असता दम का लागतो? : व्यायामोत्तर स्नायुवेदना आणि हालचालीतील श्वसन

बीजसंज्ञा : विलंबित स्नायुवेदना, श्वसनाचे नियमन, संवेदी चेतातंतू, दमसास, मैदानी चाचणी

प्रस्तावना

अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत (रायगड जिल्ह्यातील कर्जत निराळे) हा सीना आणि भीमा या नद्यांच्या परिसरातील पर्जन्यछायेचा तालुका आहे. पावसाचा भरवसा नसल्यामुळे पोलीस व सैन्यभरती हा येथील अनेक घरांना उपजीविकेचा खात्रीचा मार्ग वाटतो. पहाटे मैदानावर गेल्यास भरतीच्या तयारीसाठी धावणाऱ्या मुलामुलींचे गट दिसतात. पोलीस शिपाई पदाच्या अलीकडच्या भरतींत मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण एकट्या धावण्याला असून पुरुषांना १६०० मीटर व महिलांना ८०० मीटर धावावे लागते. वेळेतील थोड्याशा फरकाने गुण घसरतात आणि त्या गुणांवर पुढील वर्षाचे सारे गणित अवलंबून असते.

अशा मैदानावर एक तक्रार नेहमी ऐकू येते. "सर, परवा बैठका मारल्या, तेव्हापासून दमच पुरत नाही." ही तक्रार ऐकणारा शिक्षक सामान्यतः दोनपैकी एक अर्थ घेतो. मुलगा अंगचोर आहे, किंवा त्याचा दमसास कमी आहे. निदान वेगळे असले तरी दोहोंवर उपचार एकच होतो, तो म्हणजे आणखी चार फेऱ्या. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, पुष्कळदा हे दोन्ही अर्थ चुकीचे असतात. विद्यार्थ्याचे फुफ्फुस व हृदय चार दिवसांपूर्वी होते तसेच असते. श्वास वाढतो तो मांडीतून मेंदूकडे जाणाऱ्या संदेशांमुळे. ही प्रक्रिया समजून घेतल्यास फेऱ्या वाढवाव्यात की थांबवाव्यात, हा निर्णय अंदाजाने घ्यावा लागत नाही. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाप्रमाणेच राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात श्रमदान करून घेणाऱ्या किंवा विद्यार्थ्यांची सहल डोंगरावर नेणाऱ्या प्राध्यापकासही तिचा उपयोग होईल.

'आंबणे' या क्रियापदाविषयी

कष्टानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी येणाऱ्या दुखण्यास मराठीत अनेक शब्द आहेत. पाय भरून येतात, मांड्या धरतात, अंग मोडून येते आणि अंग आंबते. यांपैकी शेवटचा शब्द विशेष लक्षवेधी आहे. आंबणे म्हणजे आंबट होणे. स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठून ते दुखतात, ही समजूत विसाव्या शतकात जगभर रूढ झाली, आणि आपल्याकडील अनेक प्रशिक्षक आजही तीच सांगतात. जणू आपल्या भाषेने आम्लाची कल्पना आधीच करून ठेवली होती. मात्र रसायनशास्त्राच्या दृष्टीने भाषा आणि प्रशिक्षक या दोघांचाही अंदाज चुकला, असे म्हणावे लागते.

स्नायूंतील लॅक्टिक आम्लाच्या अभ्यासाला मोठी प्रतिष्ठा लाभली होती. आर्चिबाल्ड हिल आणि ओटो मायरहोफ यांना १९२२ सालचे नोबेल पारितोषिक याच क्षेत्रातील कार्यासाठी मिळाले. परंतु त्यांचे कार्य व्यायाम चालू असतानाच्या चयापचयाविषयी होते, दोन दिवसांनंतरच्या वेदनेविषयी नव्हते. व्यायाम थांबल्यावर रक्तातील वाढलेले लॅक्टेट साधारण तासाभरात पूर्वपदावर येते. वेदना मात्र आठ-दहा तासांनंतर जाणवू लागते, २४ ते ७२ तासांच्या दरम्यान शिगेला पोहोचते आणि पाच-सात दिवसांत ओसरते. जे तासाभरात निघून गेले ते परवा दुखवणार कसे? १९८३ मध्ये श्वेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न साध्या प्रयोगाने सोडवला. काही व्यक्तींना सपाट पट्ट्यावर आणि काहींना उतरत्या पट्ट्यावर धावण्यास सांगण्यात आले. लॅक्टेट वाढले ते सपाट धावणाऱ्यांचे, पण पाय दुखले ते उतारावर धावणाऱ्यांचे.

वेदनेचे कारण स्नायुतंतूंच्या सूक्ष्म हानीत असावे, असा तर्क थिओडोर हफ या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९०२ सालीच मांडला होता. पुढे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने या तर्काला आधार दिला. कठोर व अनभ्यस्त व्यायामानंतर स्नायुतंतूंतील आकुंचनशील घटकांची नियमित रचना ठिकठिकाणी विस्कळीत झालेली दिसते. त्यामागोमाग सूज व दाहप्रक्रिया येते. तरीही वेदना केवळ या हानीतून उद्भवते असे नाही. हानीचे प्रमाण आणि वेदनेची तीव्रता यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही. जपानमधील नागोया येथे प्राण्यांवर झालेल्या संशोधनात ब्रॅडीकायनिन आणि चेतावर्धक घटक ही द्रव्ये स्नायूंतील संवेदी चेतातंतूंना हळवे करतात, असे आढळले. हे हळवेपण पुढील विवेचनाच्या केंद्रस्थानी आहे.

चढण आणि उतरण

स्नायू जोर लावतो तेव्हा तो आखडतोच असे नाही. पाण्याची घागर उचलताना दंडाचा पुढचा स्नायू आखडत काम करतो. तीच घागर सावकाश खाली ठेवताना तो लांबत लांबत, पण जोर धरून काम करतो. या दुसऱ्या प्रकारास क्रीडाशास्त्रात एक्सेंट्रिक आकुंचन म्हणतात. त्यात ऑक्सिजन कमी लागतो आणि दमही कमी लागतो, परंतु तंतूंवर पडणारा ताण अधिक असतो. विलंबित वेदना प्रामुख्याने याच कामाचा परिणाम आहे.

आपल्याच जिल्ह्याच्या वायव्य टोकाला अकोले तालुक्यात कळसूबाईचे १६४६ मीटर उंचीचे शिखर आहे. विद्यार्थ्यांना घेऊन तेथे गेलेल्या कोणासही हा अनुभव असेल. चढताना सर्वांना धाप लागते, उतरताना कोणालाच लागत नाही, गाणी म्हणत मंडळी खाली येतात. तिसऱ्या दिवशी मात्र महाविद्यालयाचा जिना चढताना मांड्या बोलू लागतात आणि नेहमी न लागणारी धाप दुसऱ्या मजल्यावर लागते. चढणीचा दम चढणीवरच फिटला होता. जिन्यात लागलेला दम उतरणीचा आहे.

कर्जतचा मुलूख बहुतांशी सपाट असल्यामुळे येथील विद्यार्थ्याला उताराचा सराव नसतो. तथापि, एक्सेंट्रिक काम उतारावाचूनही घडते. बैठकीत खाली जाताना मांडीचा स्नायू लांबत काम करतो, जोर काढताना छाती व दंड. मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्र केसरी स्पर्धा कर्जत येथे भरली होती. माती व गादी या दोन्ही विभागांतील मल्ल ज्या शेकडो बैठकांवर घडतात, त्या पाहून नव्या मुलाने पहिल्याच दिवशी दोनशेचा आकडा गाठला, तर त्याचे पुढचे चार दिवस कसे जातील हे वेगळे सांगावयास नको. अडथळा शर्यतीत तर प्रत्येक उडीनंतर जमिनीवर उतरणे हेच एक्सेंट्रिक काम आहे. कर्जतला लागून असलेल्या आष्टी तालुक्यातील मांडवा या गावचा अविनाश साबळे ज्या ३००० मीटर स्टीपलचेस प्रकारात धावतो, तीत २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवले. त्या वेळेत पाय ३५ वेळा शरीराचा भार झेलतात, आणि श्वास मात्र विस्कटू द्यायचा नसतो.

श्वासाचा लगाम कोणाच्या हाती?

विश्रांतीच्या स्थितीत प्रौढ व्यक्ती मिनिटाला साधारण १२ ते १६ वेळा श्वास घेते आणि ६ ते ८ लिटर हवा फुफ्फुसांतून आत-बाहेर जाते. जोराच्या व्यायामात हे प्रमाण १०० लिटरच्या वर जाते. ही वाढ कोण घडवतो? रक्तातील ऑक्सिजन कमी होतो म्हणून श्वास वाढतो, हे सामान्यतः दिले जाणारे उत्तर आहे. समुद्रसपाटीच्या जवळपास राहणाऱ्या निरोगी माणसाच्या बाबतीत ते बहुतांशी लागू पडत नाही. धावतानाही त्याच्या धमनीतील ऑक्सिजन फारसा घटत नाही.

लंबमज्जेतील श्वसनकेंद्रावर तीन बाजूंनी लगाम असतो. पहिला लगाम मेंदूच्या आज्ञेचा. पायांना धावण्याची आज्ञा देतानाच मेंदू श्वसनकेंद्रालाही सूचना देतो. कोपनहेगन येथे क्रोग आणि लिंडहार्ड यांनी १९१३ मध्ये दाखवले की, व्यायाम सुरू होताच पहिल्या काही सेकंदांत श्वास वाढतो. स्नायूंतून निघालेले रक्त फुफ्फुसांपर्यंत पोहोचण्याइतकाही वेळ तोवर गेलेला नसतो. दुसरा लगाम स्नायूंतून निघणाऱ्या बारीक संवेदी तंतूंचा. शरीरशास्त्रात त्यांना तिसऱ्या व चौथ्या गटातील तंतू म्हणतात. ताण, दाब, उष्णता आणि रासायनिक बदल यांची वर्दी ते मज्जारज्जूमार्गे वर पोहोचवतात, आणि वेदनेचे संदेशही याच तंतूंतून जातात. तिसरा लगाम रक्ताच्या रसायनाचा, म्हणजे मुख्यतः कार्बन डायऑक्साइड व आम्लता यांचा.

दुसऱ्या लगामाचे महत्त्व अमान व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्पष्ट झाले. सायकल चालवणाऱ्या निरोगी व्यक्तींच्या पाठीच्या कण्यात फेंटानिल हे औषध देऊन पायांकडून येणारे हे संदेश अंशतः रोखण्यात आले. पायांचे काम तेवढेच राहिले, पण श्वसन घटले. याचा अर्थ, एरवीही आपल्या श्वासाचा काही भाग पायांच्या सांगण्यावरून चालतो.

आता आंबलेल्या मांडीचा विचार करावा. तिच्यातील संवेदी तंतू हळवे झालेले आहेत. एरवी ज्या ताणाकडे ते दुर्लक्ष करतात, त्याच ताणाला आता मोठा प्रतिसाद देतात. म्हणजे दुसरा लगाम खेचला जातो. हानी झालेला स्नायू दुर्बळ असतो, म्हणून त्याच वेगासाठी मेंदूला अधिक तंतू कामाला लावावे लागतात आणि आज्ञा अधिक जोराने द्यावी लागते. पहिला लगामही खेचला जातो. जादा तंतूंत जलद आकुंचनाचे, लॅक्टेट अधिक निर्माण करणारे तंतू असल्यास तिसऱ्यावरही थोडा परिणाम होतो. याशिवाय वेदनेमुळे निर्माण होणारी धास्ती आहेच, तीही श्वास वाढवते. कारणे अशी एकमेकांत मिसळलेली असल्यामुळे प्रत्येकाचा वाटा किती, हे प्रयोगातही वेगळे काढणे कठीण जाते.

प्रयोगांत काय आढळले

ग्लीसन व सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये, एक्सेंट्रिक व्यायामानंतर दोन दिवसांनी मध्यम गतीने सायकल चालवणाऱ्यांचे श्वसन, हृदयगती आणि जाणवणारे श्रम वाढलेले आढळल्याचे नोंदवले. ऑक्सिजनचा वापर मात्र त्या मानाने वाढला नव्हता. शरीर तेवढेच इंधन जाळत होते, पण भाता अधिक चालवत होते. २००६ मध्ये होत्ता व सहकाऱ्यांनी हालचालीच्या अगदी आरंभीच्या श्वसनाकडे लक्ष दिले. एक्सेंट्रिक व्यायामानंतर दोन दिवसांनी, हालचाल सुरू होतानाची श्वासवाढ पूर्वीपेक्षा अधिक होती. इतक्या अल्पावधीत रक्ताच्या रसायनाला बदलण्यास अवसर नसतो, म्हणून हे निरीक्षण चेतातंतूंच्या भूमिकेकडे बोट दाखवते. डेव्हिस, रोलंड्स आणि एस्टन यांच्या २००९ च्या अभ्यासातही सायकल चालवताना श्वसन व जाणवणारे श्रम वाढले, आणि तीव्र गतीत माणसे लवकर थकली.

धावण्याच्या बाबतीत चित्र थोडे वेगळे आहे. ब्रॉन आणि डुटो यांनी २००३ मध्ये सरावलेल्या धावपटूंना उतारावर धावायला लावून ४८ तासांनी पुन्हा तपासले. त्याच वेगासाठी त्यांना ऑक्सिजनही अधिक लागला, श्वसनही वाढले आणि पावलाची लांबी घटली. अन्य काही अभ्यासांत मात्र ऑक्सिजनच्या वापरात फरक दिसला नाही. हा मतभेद अद्याप पूर्णपणे मिटलेला नाही. सायकलवर पाय ठरलेल्या वर्तुळात फिरतो, धावताना मात्र दुखरा पाय स्वतःची चाल बदलू शकतो, हे त्यामागील एक कारण असू शकेल.

पावलाची लांबी घटणे ही गोष्ट वाटते तितकी किरकोळ नाही. धावणारा माणूस नकळत पाऊल आणि श्वास यांचा मेळ घालतो. ब्रॅम्बल आणि कॅरियर यांनी १९८३ मध्ये दाखवले की, चतुष्पाद प्राणी भरधाव वेगात एका झेपेला एक श्वास घेतात, तर माणूस अनेक प्रमाणे वापरतो. त्यांतील दोनास एक हे प्रमाण विशेष आढळते. सूर्यनमस्कार शिकवणाऱ्यांना हालचाल आणि पूरक-रेचक यांच्या या सांगडीची कल्पना आहेच. दुखऱ्या पायाने पावले आखूड आणि जलद झाली की सवयीचा मेळ मोडतो, असे अनुमान करता येते. विद्यार्थी "लयच सापडत नाही" म्हणतो, तेव्हा तो कदाचित हेच सांगत असतो.

वाढलेला श्वास फुकट मिळत नाही. श्वसनाचे स्नायूही ऑक्सिजन खातात. कमाल श्रमात शरीराच्या एकूण ऑक्सिजनपैकी सुमारे १० ते १५ टक्के त्यांच्या वाट्याला जाते. म्हणूनच गरज नसताना भाता जोराने चालणे १६०० मीटरच्या शेवटच्या फेरीत महागात पडते.

श्वासाचे स्नायूच दुखतात तेव्हा

आतापर्यंत पायांचा विचार झाला. श्वासपटल, बरगड्यांमधील स्नायू आणि पोटाचे स्नायू हेही स्नायूच आहेत, आणि अनभ्यस्त कामाने तेही आंबतात. माथुर व सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवले की, मुद्दाम अडथळा निर्माण करून निरोगी व्यक्तींना जोराने श्वास घ्यायला लावल्यास श्वसनाच्या स्नायूंतही विलंबित वेदना निर्माण होते. व्यवहारात हा अनुभव उठाबशा किंवा पोटाचे व्यायाम एकदम वाढवल्यावर, खोरे-टिकाव चालवल्यावर, अथवा आठवडाभर खोकला झाल्यावर येतो. श्रमदान शिबिराच्या तिसऱ्या दिवशी मोठ्याने हसतानाही पोट धरणारी मुले आपण पाहतोच. अशा वेळी खोल श्वास दुखतो, म्हणून माणूस उथळ आणि जलद श्वास घेतो. येथे दमाचे कारण वेगळे आहे. पाय दुखत असताना श्वास गरजेपेक्षा मोठा होतो, तर बरगड्या दुखत असताना तो पुरेसा मोठा होऊ शकत नाही.

मैदानावरील निर्णय

येथे सर्वांत आधी धोक्याचा विचार करणे भाग आहे. दम लागण्याचे प्रत्येक कारण मांडीत नसते. बसल्या जागी लागणारी धाप, छातीत दुखणे किंवा दडपण, श्वासात येणारी शिटी, चक्कर, धावताना शुद्ध हरपणे ही लक्षणे असल्यास 'अंग आंबले असेल' म्हणून विषय मिटवू नये आणि विद्यार्थ्यास तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे. स्नायूंची सूज व वेदना फार तीव्र असून लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली असेल, तर स्नायूंतील द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडांना इजा होण्याचा संभव असतो. उन्हाळ्यात, पाणी कमी पिऊन, पहिल्याच दिवशी शेकडो बैठका काढणाऱ्यास हा धोका अधिक असतो. त्यावर वेदनाशामक गोळ्या घेऊन पुन्हा धावणे मूत्रपिंडांच्या दृष्टीने आणखी वाईट. जून २०१४ मध्ये मुंबईतील पोलीस भरतीत ५ किलोमीटर धावण्याच्या चाचणीदरम्यान काही उमेदवारांचे मृत्यू झाले आणि त्यानंतर हे अंतर कमी करण्यात आले. त्या मृत्यूंचा संबंध स्नायुवेदनेशी जोडण्याचे कारण नाही. पण धाप लागलेल्या उमेदवाराला 'नाटक करू नकोस' म्हणण्यापूर्वी त्यांची आठवण असावी.

ही लक्षणे नसतील, तर दोन प्रश्न पुरेसे होतात. गेल्या तीन दिवसांत कोणता नवा व्यायाम केला? आणि थांबल्यावर श्वास किती वेळात पूर्ववत होतो? नवा व्यायाम झाला असेल, मांडी दाबल्यावर दुखत असेल आणि थांबल्यावर दोन-तीन मिनिटांत श्वास शांत होत असेल, तर दमसास घटल्याचा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. त्या दिवशी घेतलेली वेळ विद्यार्थ्याची खरी वेळ मानू नये. हलके चालणे, सावकाश धावणे चालेल. त्याने वेदना तात्पुरती कमी होते. व्यायामाआधी वा नंतर स्नायू ताणल्याने ही वेदना टळते, हा समज मात्र तपासणीत टिकलेला नाही. उपलब्ध प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतल्यावर तिचा परिणाम नगण्य आढळला.

खरा बचाव सरावात आहे. एकदा थोडे दुखले की तोच व्यायाम पुढील कित्येक आठवडे फारसा दुखवत नाही. स्नायूचे हे गुणधर्म ऊसतोडणी कामगारांना पुस्तकाविना ठाऊक असतात. हंगामाच्या आरंभी अंग मोडते, पुढे तेच काम अंगवळणी पडते. फरक एवढाच की त्यांना त्या पहिल्या दिवसांत विश्रांती मिळत नाही, आणि दुखऱ्या अंगाने घेतलेल्या प्रत्येक खेपेचा जादा श्वास त्यांना मोजून द्यावा लागतो. विद्यार्थ्याच्या बाबतीत वेळापत्रक आपल्या हाती असते. बैठका, उड्या, पायऱ्या उतरणे हे प्रकार चाचणीच्या दोन-तीन महिने आधी, पंधरा-वीसच्या संख्येने सुरू करावेत आणि हळूहळू वाढवावेत. शेवटच्या आठवड्यात कोणताही नवा प्रकार देऊ नये. सोमवारी बैठकांचा भर असेल, तर १६०० मीटरची वेळ मंगळवारी किंवा बुधवारी न घेता शनिवारी घ्यावी, आणि वेळेच्या वहीत सेकंदांशेजारी 'मांड्या दुखतात / नाहीत' असा एक रकाना आखावा.